डाव्या सीटवर

कळव्याहून निघालो तेव्हा सकाळचे सहा वाजले होते.
शालनने आरसा तिच्या उंचीला लावून घेतला,
मग पुन्हा थोडा, मग पुन्हा.
मी काही बोललो नाही.
वागळे आगारात अठ्ठावीस वर्षं
मी माझ्या आरशाला कुणाला हात लावू दिला नव्हता.

डॉक्टर म्हणाले, पडद्यावर मधोमध डाग आहे,
कडा शाबूत राहतील.
कडा म्हणजे काय, तर
समोरचा माणूस दिसत नाही, त्याची छत्री दिसते.
लायसन्स मी कपाटात ठेवलं, इस्त्रीच्या शर्टांखाली.
तिने तिचं काढलं, अठ्ठावन्नाव्या वर्षी,
मुंब्र्याच्या एका पोराकडे शिकून,
मला न सांगता.
तीन महिने मी समजत होतो, ही भजनाला जाते.

शिळफाट्याला माझा उजवा पाय दोनदा
नसलेल्या ब्रेकवर पडला.
"पाय आपटू नका," ती म्हणाली, "मॅट फाटेल."
शहाडच्या पुलावर एका ट्रकने दाबलं,
त्याच्या सात पिढ्या माझ्या ओठांवर आल्या,
पण त्या तिनेच काढल्या,
हळू आवाजात, अगदी व्यवस्थित.

मुरबाडला वडे.
सरळगावजवळ एका म्हशीसाठी पाच मिनिटं.
टोकावड्यापुढे भातखाचरं असणार,
मला नुसता हिरवा ओलावा कळत होता.
विचारलं नाही, तरी ती सांगू लागली:
"डावीकडे म्हातारा, इरलं घेतलेला. गेला.
डोंगरावर पांढऱ्या रेघा. सात.
नाही, आठ."
मी म्हटलं, "रस्ता बघ."

माळशेजच्या दुसऱ्या का तिसऱ्या वळणावर
डोंगर गेला. मग कठडा गेला.
मग आमचं बॉनेट.
तिने अप्पर लावला तशी
पांढरी भिंत आणखी पुढ्यात सरकली.
"डिपरवर घे," मी म्हणालो,
"धुक्याला डोळे वटारायचे नसतात."
गाडी आता माणसाच्या चालीने.
"काहीच दिसत नाही हो," ती म्हणाली,
"मधलं सगळं गेलंय. नुसत्या कडा."

मला हसू आलं.
तिला वाटलं, चेष्टा करतोय.
मग कळलं असावं, कारण गिअरवरचा हात
माझ्या गुडघ्यावर येऊन परत गेला.

मी काच उतरवून डोकं बाहेर काढलं.
कडांचं मला कळतं.
"पट्टी जवळ आली, थोडं उजवीकडे. बस.
आता असंच ठेव.
वळण येतंय."
"कशावरून?"
"वारा बदलला."
धबधब्याचं पाणी कानात गेलं, कॉलरमध्ये गेलं,
बनियनपर्यंत गेलं.

वर ताडपत्रीखाली कणसं भाजत होती एक बाई.
शालनच्या हातातलं कणीस थरथरत होतं,
मीठ-लिंबू साडीवर.
बाईने माझ्याकडे बघून विचारलं,
"दादांनी आणली व्हय गाडी एवढ्या धुक्यातनं?"
"मी आणली," शालन म्हणाली. "हे कंडक्टर."

ड्रायव्हरला कंडक्टर म्हटल्यावरून
आमच्या आगारात डबे फेकले गेलेत एकमेकांवर.
मी कणसाची शेवटची ओळ खाल्ली.
निघताना टपावर दोन थापा मारल्या,
आणि गाडी हलली.

रोहित पक्षी येतात म्हणे तिकडे तलावावर.
आम्हाला एक बगळासुद्धा नाही.

रात्री कळव्यात, सोसायटीच्या आवारात,
मी उतरून मागे उभा राहिलो, हात हलवत,
येऊ दे, येऊ दे, अजून येऊ दे,
आणि बंपर सेक्रेटरींच्या कुंडीवर गेला.
कढीपत्ता होता.
सगळ्या पार्किंगभर वास सुटला.
वरच्या मजल्यावर कुणीतरी दिवा लावला.
शालनने इंजिन बंद केलं
आणि बराच वेळ दार उघडलं नाही.
मीही तिथेच, मोडक्या फांदीशी,
ती हसते आहे की नाही
हे खांद्यांच्या कडांवरून ओळखत.